उल्महून निघालेली होडी

ऑस्कर स्पेक मे १९३२ मध्ये जर्मनीतल्या उल्म गावाहून डॅन्यूब नदीत होडी घालून निघाला, तेव्हा ऑस्ट्रेलिया त्याच्या मनातही नव्हता. विजेच्या कामांची कंत्राटं घेणारा पंचविशीतला तरुण. मंदीत धंदा बसला. सायप्रसच्या तांब्याच्या खाणींत काम मिळेल या आशेवर तो निघाला होता. सायप्रसला पोचला खरा, पण तोवर पाण्याने त्याला असं धरलं होतं की खाण बाजूलाच राहिली.

होडी घडीची होती. लाकडी सांगाडा आणि त्यावर रबर चढवलेलं कापड. सुटी करून बांधली की बसमध्येही मावायची. म्हणून तर सीरियात उतरून त्याला युफ्रेटिस गाठता आली आणि तिथून इराणच्या आखातात शिरता आलं. तिथे होडी चोरीला गेली, ती पैसे मोजून सोडवून घ्यावी लागली.

पुढे १९३५ साली तो आपला पश्चिम किनारा धरून सिलोनपर्यंत गेला, म्हणजे कोकणाच्या समोरूनच. लहानसं शीड, हातात वल्हं, सुकाणू पायांनी चालवायचं. पाय दिवसभर त्याच जागी. आणि खरी परीक्षा संध्याकाळी, किनाऱ्याला लागताना. खोल पाण्यात लाट होडीला नुसती उचलून खाली ठेवते. पुळणीजवळ ती फुटते. तिथे होडी आडवी झाली की उलटलीच. उधाणात होडी ओढून घेणारी माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला हे सांगायला नको. स्पेकच्या मदतीला तर बरोबर दुसरं कुणीच नव्हतं. मला त्याच्या हजारो मैलांपेक्षा या रोजच्या संध्याकाळींचं जास्त वाटतं.

मग ब्रह्मदेश, मलाया, जावा. वाटेत हिवतापाने गाठलं. लाकोर बेटावर लोकांनी बांधून इतकं मारलं की कानाचा पडदा फाटला.

सप्टेंबर १९३९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या सायबाय बेटाला लागला. होडीवर नाझींचं स्वस्तिकाचं निशाण होतं. त्याच्या कौतुकात हे झाकून ठेवणं मला पटत नाही. युद्ध नुकतंच पेटलं होतं. किनाऱ्यावरच्या पोलिसांनी आधी त्याचं अभिनंदन केलं आणि मग शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून ताब्यात घेतलं. सात वर्षांची वाट अशी छावणीत जाऊन थांबली. १९४६ मध्ये सुटल्यावर तो ओपलच्या खाणींकडे, लायटनिंग रिजला गेला आणि ऑस्ट्रेलियातच राहिला. त्याचे कागद आणि फोटो आज सिडनीच्या सागरी संग्रहालयात आहेत.