मुले स्काऊट, पालक स्वयंसेवक

माझ्या दवाखान्यात मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. 'डॉक्टर, याला भूकच लागत नाही' आणि 'याच्या हातातला मोबाईल सुटत नाही.' दोन्हींवर टॉनिकची बाटली लिहून द्यावी, अशी त्यांची अपेक्षा असते. तपासणीत जंत किंवा रक्तक्षय आढळला तर औषध द्यावेच लागते. पण पुष्कळदा मूल निरोगी असते, त्याच्या अंगाला मेहनत नसते इतकेच. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून अशा पालकांना मी विचारतो, 'शाळेत स्काऊट-गाईडचे पथक आहे का?'

स्काऊटिंग म्हणजे काय?

१९०७ साली इंग्लंडमधील ब्राऊन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीस मुलांचे शिबिर भरवले. त्यातून ही चळवळ उभी राहिली. आपल्याकडील निरनिराळ्या स्काऊट संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली. प्राथमिक शाळेतील मुलगे कब, मुली बुलबुल. दहा वर्षांनंतर स्काऊट व गाईड. पुढे पंचविशीपर्यंत रोव्हर व रेंजर. प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या आहेत. 'खरी कमाई'च्या दिवशी मुलांनी लावलेल्या भेळेच्या दुकानापलीकडे अनेक पालकांना यातले काही ठाऊक नसते.

शरीराला आणि मनालाही

खेळ, पदभ्रमण, तंबू उभारणे, चूल पेटवून स्वतः स्वयंपाक करणे यांत व्यायाम आपोआप होतो. आपल्या जिल्ह्यात तर जागांना तोटा नाही. नगरकरांना चांदबीबी महालाचा डोंगर जवळ आहे आणि अकोले तालुक्यात महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) आहे. दिवसभर डोंगर चढलेले मूल रात्री पिठले-भाकरी मागून खाते.

मनाचेही तसेच. १९५८ साली ब्रिटनमध्ये जन्मलेल्या सुमारे दहा हजार जणांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी स्काऊट किंवा गाईड असलेल्यांमध्ये पन्नाशीच्या वयात चिंता व नैराश्यासारख्या विकारांचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळले. केवळ स्काऊटिंगमुळेच असे झाले हे त्यातून सिद्ध होत नाही. पण मिळून काम करण्याची, अंगावर जबाबदारी घेण्याची सवय मनाला बळ देते, हे पटण्यासारखे आहे.

प्रसंगी जीव वाचतो

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते प्रथमोपचाराचे शिक्षण. आपल्या शिवारात विहिरी आहेत, प्लॅस्टिक अंथरलेली निसरडी शेततळी आहेत. एक बुडतो आणि त्याला काढायला उडी मारणारा दुसराही जातो, अशा बातम्या आपण वाचतो. आधी आरडाओरडा करून मोठ्यांना बोलवावे, काठावरूनच दोर, काठी किंवा रिकामा कॅन टाकावा, पाण्यात उतरू नये, हे मुलांच्या मनावर ठसले पाहिजे. ताण आला तरी न आवळणारी फाशाची गाठ स्काऊटला शिकवतात, ती इथेच कामी येते.

गळ्यातला स्कार्फ मोडलेल्या हाताला झोळी म्हणून उपयोगी पडतो. मात्र साप चावल्यावर तोच स्कार्फ आवळून बांधू नये. जखमेला चिरा देऊ नये, तोंडाने रक्त ओढू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, रुग्णाला चालू देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून लगेच रुग्णालय गाठावे. भाजल्यावर टूथपेस्ट न लावता वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे.

आईवडिलांनी काय करावे?

मुलाला गणवेश शिवून दिला की काम संपले, असे समजू नये. पथक चालवणाऱ्या गुरुजींवर आणि बाईंवर आधीच पुष्कळ कामे असतात. महिन्यातला एखादा शनिवार त्यांना द्या. परिचारिका आईने पट्ट्या बांधणे शिकवावे, वायरमन वडिलांनी विजेच्या धक्क्यापासून बचाव सांगावा, आजोबांनी झाडपाला ओळखायला लावावा. अधिक गोडी वाटली तर प्रशिक्षण घेऊन पथकाचे नेतृत्वही करता येते. शाळेत पथक नसेल तर मुख्याध्यापकांना भेटा, जिल्हा स्काऊट-गाईड कार्यालयात चौकशी करा. पालक बरोबर असले की त्यांचेही चालणे होते, आणि मुलांशी अभ्यासाखेरीज बोलायला विषय मिळतो.

एवढी काळजी घ्या

दमा, फिट्स, हृदयविकार किंवा एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असल्यास शिबिरापूर्वी पथकप्रमुखांना लेखी कळवा व औषधे सोबत द्या. लपवू नका, योग्य काळजी घेतल्यास बहुतेक मुले सहभागी होऊ शकतात. १० व्या आणि १६ व्या वर्षीची धनुर्वाताची लस चुकवू नका. पायात बूट, डोक्यावर टोपी, पिण्याचे स्वच्छ पाणी असावे. उन्हाळ्यात दुपारचे पदभ्रमण टाळावे. शिबिरात रात्री किमान दोन जबाबदार मोठी माणसे आणि मुलींबरोबर महिला आहेत ना, हे नि:संकोच विचारावे. तो पालकांचा हक्कच आहे.