दुनळीची पारख

जुन्या दुनळी बंदुकीची किंमत तिच्या झळाळीवरून करू जाणारे गिऱ्हाईक बहुधा फसते. कारण पन्नास-साठ पावसाळे पाहिलेल्या पोलादावर आणि अक्रोडाच्या लाकडावर जे तेज स्वभावतः शिल्लक राहते ते मंद असते, आणि जे डोळ्यांत भरण्याइतके झगझगीत दिसते ते कोणीतरी नुकतेच, विक्रीच्या हेतूने, वरून चढविलेले असते. माझ्या लेखी उत्तम राखलेली बंदूक ती, जी नियमाने वापरली गेली, वापरल्याच्या दिवशीच पुसली गेली, आणि जिची आवश्यकता नव्हती अशा दुरुस्तीपासून वाचली. हा तिसरा गुण सर्वांत दुर्मीळ असून त्याच्या खुणा ओळखणे हाच या खरेदीतील अवघड आणि तितकाच आनंदाचा भाग आहे.

आपल्या देशात या परीक्षेला विशेष महत्त्व आहे. इंग्रजी अमदानीत, आणि त्यानंतरही काही दशके, संस्थानिक, जहागीरदार, इनामदार, जंगलखात्यातील अंमलदार आणि मळेवाले यांच्यासाठी लंडन व बर्मिंगहॅम येथील बंदुका मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांमार्फत येत असत. पुढे १९८०च्या दशकात सर्वसामान्य परवानेदारास परदेशी शस्त्र आणविण्याची वाट बंद झाली, आणि तेव्हापासून जो विलायती माल देशात आहे तोच एका घरातून दुसऱ्या घरात फिरतो आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपविला, आणि तो संपला हे योग्यच झाले असे मी मनापासून मानतो. आजच्या परवानेदाराला बंदूक लागते ती पीकसंरक्षणासाठी, आत्मरक्षणासाठी किंवा हवेत उडविलेल्या चकत्यांवरील नेमबाजीसाठी. परंतु ज्या हातांनी ती घडविली त्या हातांचा आदर करण्यास यांपैकी कोणतेही कारण पुरेसे आहे.

मी पाहावयास गेलो ती बारा बोअरची दुनळी कोल्हापुरातील एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या तिजोरीत ठेव म्हणून होती. मूळ परवानेदार निवर्तले, आणि त्यांच्या पश्चात वारसांना शस्त्र तसेच घरात ठेवता येत नसल्यामुळे त्यांच्या पत्नीने ते रीतसर दुकानात जमा केले होते. बनावट बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटची. ही कंपनी १८९७ साली जुन्या कारखानदारांच्या एकीकरणातून उभी राहिली, आणि तिच्या साध्या, भक्कम दुनळ्या आपल्याकडे आडगावच्या वाड्यांपर्यंत पोचल्या. आतील यंत्ररचना अँसन आणि डीली या वेस्टली रिचर्ड्सच्या पदरी असलेल्या जोडीने १८७५ मध्ये बसविलेली: बाहेर घोडे दिसत नाहीत, नळ्या खाली झुकविल्या की त्यांच्याच तरफेने आतील दोन्ही घोडे चढतात. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. इतक्या थोड्या भागांत इतके काम साधणारी रचना क्वचितच आढळते, आणि म्हणूनच दीडशे वर्षे होत आली तरी तिचा मूळ आराखडा बदलण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही.

बंदूक हाती येताच ती उघडून काडतुसांची दोन्ही घरे रिकामी असल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, हा पहिला आणि अभंग नियम. दुकानातील वयोवृद्ध मिस्त्रींनी ती मला उघडूनच दिली, तरी मी पुन्हा पाहिले, आणि त्याबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर पसंती उमटली. मग नळ्यांखालचा लाकडी तुकडा, ज्याला दुकानात फोरेंड म्हणतात, तो काढून ठेवला. कारण तो जागेवर असला की त्यातील कमानीचा ताण सांध्याचा ढिलेपणा झाकतो. दस्ता काखेत घट्ट धरून नळ्या आडव्या हलविल्या, आणि सांध्यात तसूभरही हालचाल जाणवली नाही. उजेडासमोर धरून पाहता नळ्यांचे मागचे तोंड आणि त्यामागची पोलादी भिंत यांच्यामध्ये प्रकाशाची रेघ दिसली नाही. वरची कळ बंद स्थितीत मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबत होती. सांधा झिजत जातो तसतशी ही कळ मध्याकडे, आणि पुढे डावीकडे सरकू लागते. त्यामुळे बंदुकीने किती सोसले आहे याची साक्ष या एका कळेत मिळते.

हा सांधा कसा साधला जातो हे ठाऊक असलेल्या माणसाला तो हलत नाही याचे अप्रूप अधिक वाटते. बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांच्या मोहल्ल्यात नळ्या करणारा वेगळा, कानस चालवून सांधा बसविणारा वेगळा, दस्ता करणारा वेगळा आणि नक्षी खोदणारा वेगळा असे. सांधा बसविणारा कारागीर दिव्याच्या धुराने नळ्यांखालच्या पोलादी आकड्यावर काजळी धरी, नळ्या बंद करून उघडी, आणि जेथे काजळी पुसली गेली तेथे पोलाद पोलादाला टेकते आहे असे जाणून तेवढीच जागा कानशीने उतरवी. पुन्हा काजळी, पुन्हा कानस, असे करीत सर्व पृष्ठभाग सारखा टेकेपर्यंत त्याचे काम चाले. त्या माणसाचे नाव बंदुकीवर कोठेही नसते.

नळ्यांची परीक्षा कानांनी सुरू होते. सुट्या केलेल्या नळ्या आकड्यात बोट अडकवून मी टांगल्या.

"वाजवून बघा की साहेब," मिस्त्री म्हणाले. "पट्टी सुटली असंल तर बद्द वाजंल."

बोटाच्या पेराने टिचकी मारताच देवळातील लहान घंटेसारखा स्वच्छ, लांबत जाणारा नाद निघाला. दोन्ही नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी कथलाच्या नरम डागाने जोडलेली असते. तो डाग कोठे सुटला असला की त्या पोकळीत ओल शिरते, आतून गंज धरतो, आणि बाहेरून काही दिसत नसतानाही आवाज बसलेला येतो. नव्याने काळ्या केलेल्या नळ्यांविषयी जाणकार साशंक असतात ते याचमुळे. दुनळीच्या नळ्या काळ्या करण्याची जुनी पद्धत संथ आहे: पोलादावर हलका गंज धरू द्यायचा, उकळत्या पाण्यात तो काळा होऊ द्यायचा, घासून काढायचा, आणि हवी ती गहिराई येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करायचे. अलीकडे तीव्र क्षाराच्या कढत द्रावणात बुडवून हे काम झटपट उरकतात. एकनळी बंदुकीला ते चालून जाते. दुनळीचे कथील मात्र त्या क्षाराने खाल्ले जाते. विक्रीसाठी नटविलेली कित्येक चांगली शस्त्रे अशी आतून उद्ध्वस्त झाली आहेत, आणि त्याचे मला मनापासून दुःख होते.

नंतर नळी खिडकीच्या चौकटीकडे रोखून आत पाहिले. निर्दोष नळीत प्रकाशाची आणि छायेची वर्तुळे एकात एक, समकेंद्र अशी टोकापर्यंत जातात. कोठे पोचा असेल तर वर्तुळ वाकते, आणि फुगवटा असेल तर तेथे काळे कडे दिसते. डाव्या नळीत तोंडाशी गंजाचे दोन-चार उथळ ठिपके होते, बाकी दोन्ही नळ्या आरशासारख्या. नळ्यांच्या तळाशी बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसच्या खुणा होत्या. १८१३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून ही संस्था स्थापिली. विक्रीपूर्वी प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जादा जोराचा बार भरून ती तेथे कसाला लावतात. मुकुटाखाली बी-एन-पी ही धूरविरहित दारूची खूण, शेजारी नळीचा व्यास .७२९ इंच, काडतुसाच्या घराची लांबी २½ इंच, आणि दाब दर चौरस इंचास ३ टन, असा मजकूर भिंगाखाली स्पष्ट वाचता आला. हा केवळ शिक्का नव्हे, हिशेबाचा दाखला आहे: मागच्या तोंडापासून ९ इंचांवर मोजलेला व्यास नोंदलेल्या आकड्याहून १० सहस्रांश इंच वाढला की ती कसोटी रद्द समजतात. मिस्त्रींच्या मापकाने दोन्ही नळ्या .७३२च्या आत भरल्या. म्हणजे गंज काढण्याच्या नावाखाली कोणी नळी आतून घासून पातळ केलेली नव्हती.

दस्त्याच्या मुठीवरची चौकडी झिजून गुळगुळीत झाली होती, आणि बंदूक ज्या ठिकाणी हातात तोलून नेतात तेथील काळा रंग उडून पोलाद रुपेरी झाले होते. या दोन्ही झिजा जेथे असाव्यात नेमक्या तेथेच होत्या. स्क्रूंच्या खाचा मात्र कोऱ्या, एकाच रेषेत उभ्या; अर्थात अडाण्याचा पेचकस तेथे कधी लागला नव्हता. मालकांच्या पत्नींनी दुकानात सांगितलेली हकीकत या साऱ्याशी जुळते: त्यांचे यजमान पावसाळ्यात बंदूक कातडी पेटीत कधी ठेवीत नसत, कारण कातडे ओल धरून ठेवते; ती घोंगडीच्या कापडात सैल गुंडाळून माजघराच्या कोरड्या कपाटात उभी असे. एवढी दक्षता असूनही एक उणीव होतीच. खोटी काडतुसे घालून चाप ओढता उजवा घोडा किंचित रेंगाळला, आणि रिकामी कवचे फेकणाऱ्या दोन कळांपैकी उजवीने कवच हातभर अलीकडेच टाकले.

"खोबरेल घातलंय कवातरी," मिस्त्री म्हणाले. "आत ग्येलं की चिकटून बसतंय बघा."

आत उघडून पाहता तसेच निघाले. खोबरेल बाहेरून पुसायला बरे वाटते, पण कालांतराने ते चिकट होऊन बसते. मिस्त्रींनी रॉकेलने ते धुऊन यंत्राच्या बारीक तेलाचा एकेक थेंब दिला, आणि दोन्ही कवचे शेजारी-शेजारी पडू लागली.

व्यवहाराचा दफ्तरी भाग मी थोडक्यात सांगतो. दोन परवानेदारांनी परस्पर सौदा करावयाचा तर १९५९च्या शस्त्र कायद्यान्वये जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आगाऊ लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. येथे शस्त्र विक्रेत्याच्या ताब्यात असल्याने मार्ग निराळा, तरी खरेदीची परवानगी, माझ्या परवान्यावर शस्त्राच्या क्रमांकाची नोंद आणि ठाण्यात ते दाखवून घेणे या गोष्टी सुटत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच शस्त्रे बाळगता येतात, त्यामुळे निवड अधिक विचाराने करावी लागते. नळ्या, यंत्र आणि फोरेंड या तिन्हींवर एकच क्रमांक आहे की नाही हे कचेरीत जाण्यापूर्वीच पाहून घ्यावे. तो न जुळल्यास दफ्तरातील खुलाशाला अंत नसतो, आणि तशी बंदूक जोडकामाची असण्याचा संभव असतो तो वेगळाच.

नोंद झाल्यावर ती प्रथम चालविली ती नेमबाजीच्या परवानाप्राप्त मैदानावर. ४० यार्डांवर मोठा कागद लावून, सर्वांत दाट पडलेल्या छऱ्यांभोवती ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखायचे आणि आतले छरे मोजायचे, ही नळ्यांच्या टोकाशी ठेवलेल्या आकुंचनाची जुनी कसोटी आहे. डाव्या नळीचे सुमारे ७० टक्के छरे वर्तुळात पडले, म्हणजे पूर्ण आकुंचन कायम होते. उजवीचे निम्म्याच्या आसपास, जवळच्या लक्ष्यासाठी योग्य असे पसरलेले. दोन्हींचे मध्य जवळजवळ एकाच ठिकाणी आले. काडतुसे मी अडीच इंची, हलक्या भाराचीच वापरली, आणि पुढेही तीच वापरणार आहे. आज बाजारात सर्रास मिळणारी ७० मिलिमीटरची लांब कवचे त्या घरात बसतात खरी, परंतु बार होताना उघडलेले त्यांचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात शिरून दाब वाढविते. मुठीवरची झिजलेली चौकडी नव्याने कोरून द्यावी काय, असे मिस्त्रींनी विचारले होते. ती तशीच राहू द्यावी असे मी त्यांना सांगितले, आणि फोरेंडच्या आतील उघड्या लाकडाला तेवढे जवसाचे तेल लावून घेतले.