धमनीला हाड फुटतं तेव्हा

हे घ्या रे, रेवदंड्याच्या खाडीतलं कालव. काठावरून नख फिरवा. लागतात ना पापुद्रे? आतला जीव किती लिबलिबीत! पण त्याच्या अंगावरच्या पातळ पडद्यातल्या पेशी पाण्यातलं कॅल्शियम घेतात आणि थरावर थर चढवत कवच बांधतात. आपल्या कोकणात असेच शिंपले भाजून चुना करायचे. चौलच्या वाडीतली सुपारी, वाडीतलंच पान आणि खाडीतला चुना. विडा सगळा घरचा!

आता गंमत ऐका. निरोगी माणसाच्या हाताच्या एक्स-रेत हाडं दिसतात, रक्तवाहिन्या दिसत नाहीत. पण मधुमेह जुना झाला, मूत्रपिंडं थकली, की कधीकधी बोटांकडे जाणारी धमनीसुद्धा दोन पांढऱ्या रेघांसारखी उमटते. तिच्या भिंतीत कॅल्शियम बसलेलं असतं.

“म्हणजे बंबात क्षार धरतो तसं ना, आजोबा?”

डॉक्टरही बरीच वर्षं तसंच समजत होते, पोरी. पण बंबाला कुठे जीव असतो? जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखोने तर १९व्या शतकातच सांगितलं होतं की धमनीत खरोखरचं हाड तयार होतं. त्याचं म्हणणं मागे पडलं. पुढे १९९३ साली अमेरिकेतल्या संशोधकांना अशा कडक धमन्यांत बीएमपी-२ सापडलं. हाड बांधायचा निरोप पेशींना देणारं हे प्रथिन. ते धमनीत काय करत होतं?

तर धमनीच्या भिंतीत स्नायूपेशी असतात. आकसायचं आणि सैल व्हायचं, एवढंच त्यांचं काम. मूत्रपिंडं फॉस्फेट बाहेर टाकेनाशी झाली की ते रक्तात वाढतं आणि पिट-१ नावाच्या प्रथिनाच्या वाटेने या पेशींत घुसतं. मग आत रनएक्स-२ नावाचं प्रथिन जागं होतं. आईच्या पोटात तुमची हाडं घडली, तीही याच्याच हुकमाने. हुकूम मिळाला की स्नायूपेशी आपलं मूळ काम सोडते आणि चक्क हाडाचं खनिज रचू लागते. आज्ञाधारकपणा अंगाशी येतो तो असा!

आणि बीएमपी-२ च्या घराण्यातलाच एक निरोप गोगलगायींच्या पडद्यातही कवच घडताना फिरत असतो. फरक इतकाच, की कवचात कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि आपल्या धमनीत कॅल्शियम फॉस्फेट.

शरीराने पहारेकरीही ठेवलेत बरं का. एकाचं नाव मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन. त्याला कामाला लागायला के जीवनसत्त्व लागतं, ते पालेभाजीत मिळतं. १९९७ साली हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्या धमन्या दगडासारख्या झाल्या, फुटल्या आणि दोन महिन्यांच्या आत ते मेले.

तेव्हा खाल्लेला चुना उठून थेट धमनीत जाऊन बसतो, असं समजू नका. सांभाळायची ती साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंडं. कारण धमनीत एकदा जमलेलं कॅल्शियम काढून टाकणारं खात्रीचं औषध अजून निघालेलं नाही.