जाग न येणे हाही पक्षाघात असू शकतो

घरातला माणूस सकाळी उठत नाही. हलवले की क्षणभर डोळे उघडतो, पुन्हा झोपी जातो. तोंड वाकडे नाही, हातपाय लुळे नाहीत. साखर उतरली असेल, झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या असतील, असे घरच्यांना वाटते. पक्षाघात मनातही येत नाही.

मेंदूच्या मध्यभागी डावा आणि उजवा असे दोन थॅलॅमस असतात. जागेपणा व स्मरणशक्तीशी त्यांचा जवळचा संबंध असतो. बहुतेकांत दोन्ही बाजूंना वेगळ्या रक्तवाहिन्या असतात. काहींमध्ये मात्र एकच रक्तवाहिनी दोन्हीकडे फाटे देते. फ्रेंच शास्त्रज्ञ जेरार पर्शेरों यांनी तिचे वर्णन १९७३ मध्ये केले. ती गुठळीने बंद झाली, तर दोन्ही थॅलॅमसना एकदम इजा होते. ही गुठळी अनेकदा हृदयातून आलेली असते.

सुरुवातीचा सीटी स्कॅन बऱ्याचदा नॉर्मल येतो. म्हणून शंका आली, तर डॉक्टर रुग्णाची नजर वर-खाली फिरते का ते पाहतात आणि एमआरआय करतात.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्यामुळे रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि तो शेवटचा व्यवस्थित बोलताना कधी दिसला, ती वेळ डॉक्टरांना सांगावी.