दिवाळीला एक, रामनवमीला हजार

नांदगाव तालुक्यात उन्हाळा टँकरची वाट पाहण्यात जातो. याच नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरला, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्याने मोठी पाणथळ जागा तयार केली आहे. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ. हिवाळ्यात दूरदेशीची बदकं इथे उतरतात. पण याच पाण्यावर पानवेलीही पसरतात. पुस्तकातली जलपर्णी ती हीच.

एक पानवेल हातात घेऊन पाहा. देठ फुगीर असतो. तो कापला की आत स्पंजासारखे हवेचे कप्पे दिसतात, म्हणून ती बुडत नाही. पानं शिडासारखी उभी, वारा नेईल तिकडे जाणारी. पिसांसारखी काळसर मुळं मातीला न शिवता पाण्यातलंच खाद्य ओढतात. फिकट जांभळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका! या फुलाच्या मोहातच माणसाने तिला ॲमेझॉनच्या खोऱ्यातून जगभर नेलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात पोचली.

वाढायला तिला फूल लागतंच असंही नाही. आडवा धुमारा फुटतो, टोकाला नवं रोप येतं. ऊब आणि खाद्य मिळालं तर पंधरा दिवसांत एकाची दोन होतात. दिवाळीला एक असेल, तर पाच महिन्यांनी, रामनवमीच्या सुमारास, हजाराच्या वर! शिवाय तळच्या गाळात पडलेलं बी कित्येक वर्षं जिवंत राहतं.

तिच्या थराखाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. बदकांना उतरायला मोकळं पाणी उरत नाही. दाट पानांतून उडून जाणारं पाणी उघड्या पाण्याच्या वाफेपेक्षाही जास्त असू शकतं.

मग उपाय काय? यंत्राने काढता येते, पण मागे राहिलेल्या चार रोपांतून पुन्हा तीच गणती सुरू होते. दुसरा उपाय थक्क करणारा आहे. तिच्याच मायदेशातले जेमतेम अर्धा सेंटिमीटरचे सोंडकिडे 1982 मध्ये बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने भारतात आणले. प्रौढ किडा पान खरवडतो, अळी देठात बोगदे पाडते, कप्प्यांत पाणी शिरतं आणि न बुडणारी वेल बुडते. बेंगळुरूच्या काही तलावांत त्यांनी काही वर्षांत पाणी मोकळं केलं. मात्र वाहत्या नदीत पूर आला की वेलीबरोबर किडेही वाहून जातात.

मुळावरचा घाव वेगळाच आहे. पानवेलीचं खाद्य म्हणजे सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद. नांदूर मधमेश्वरच्या वरच्या अंगाला नाशिक शहर आहे. शुद्ध न केलेलं सांडपाणी नदीत जात राहील, तोवर पानवेलीचं ताट वाढलेलंच राहील.

नांदगावकरांनो, तुमच्या पाझर तलावात, शेततळ्यात एखादी पानवेल दिसली, तर फूल येण्याची वाट पाहू नका. मुळासकट काढा, पाण्यापासून लांब उन्हात वाळवा. शोभेसाठी आणलेली वेल तलावात टाकू नका. दिवाळीची एक वेल काढायला दोन हात पुरतात. रामनवमीला त्यासाठी यंत्र मागवावं लागतं.