घरची रिग

पत्र्याची पेटी नाही, झाकण नाही. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची उघडी चौकट, तळाशी मदरबोर्ड, वरच्या आडव्या पट्टीवर ओळीने उभी केलेली सहा ग्राफिक्स कार्डं, प्रत्येकाखालून निघणारी यूएसबीची केबल आणि शेजारी एक-दोन एसएमपीएस. घरगुती क्रिप्टो मायनिंगची रिग म्हणतात ती हीच. २०१६ ते २०२२ या वर्षांत ती कुठे तळघरात, कुठे गॅरेजात, कुठे फ्लॅटच्या गॅलरीत चोवीस तास चालत होती. त्या काळातल्या बातम्या सगळ्या नाण्यांच्या भावाच्या. यंत्राबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. ते लिहायला हवं असं मला वाटतं, कारण ज्यांनी ही रिग नीट बांधली आणि वर्षानुवर्षं चालती ठेवली, त्यांच्या हाताला एक खरं कसब लागलं. वीज यंत्रापर्यंत सुरक्षित कशी आणायची आणि तिची झालेली उष्णता बाहेर कशी काढायची, याचं ते कसब.

बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा पहिला गठ्ठा, ३ जानेवारी २००९ चा. तेव्हा साध्या संगणकाचा प्रोसेसर पुरायचा. ब्लॉकच्या ८० बाइटच्या मथळ्यातला एक आकडा बदलत राहायचा, दर वेळी एसएचए-२५६ हे गणित दोनदा करायचं आणि उत्तर ठरलेल्या मर्यादेखाली आलं का ते बघायचं, मायनिंगचं काम एवढंच. त्यात हुशारी लागत नाही, वेग लागतो. २०१० मध्ये लास्लो हान्येच याने ते ग्राफिक्स कार्डावर चालवून दाखवलं. दहा हजार बिटकॉइन मोजून दोन पिझ्झा घेणारा तो हाच. २०१३ मध्ये फक्त हेच गणित करणाऱ्या चिप, म्हणजे एसिक, विक्रीला आल्या आणि बिटकॉइनच्या कामातून ग्राफिक्स कार्डं बाद झाली.

त्यांना पुन्हा काम दिलं ते इथेरियमने. ३० जुलै २०१५ ला सुरू झालेल्या या जाळ्याचं गणित, इथॅश, मुद्दाम असं रचलं होतं की त्यात मेमरीचा वेग महत्त्वाचा ठरावा. एका हॅशसाठी, म्हणजे हे गणित एकदा करण्यासाठी, डॅग नावाच्या मोठ्या फाइलमधून ६४ वेळा, दर वेळी १२८ बाइट, म्हणजे एकूण ८ किलोबाइट वाचावे लागत. आता आरएक्स ५८० हे त्या काळचं लाडकं कार्ड घ्या. त्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला २५६ गिगाबाइट. भागाकार केला की सेकंदाला साधारण ३ कोटी १२ लाख हॅश ही त्याची कमाल मर्यादा निघते, आणि नीट जुळवलेलं कार्ड खरोखरच तीन कोटींच्या आसपास द्यायचं. यंत्र आपल्या मर्यादेला इतकं भिडून चालतंय, हे साध्या भागाकाराने कळावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

घरच्या मायनरची बहुतेक युक्ती या एका गोष्टीतून निघाली. कार्डाचा गणिती भाग बराच वेळ मेमरीची वाटच बघत असेल, तर त्याला पूर्ण वीज कशाला द्यायची? कोअरचं व्होल्टेज आणि वेग खाली आणायचा, मेमरीचा वेग चढवायचा. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे व्होल्टेज थोडं उतरवलं तरी वॅट बरेच उतरतात. आरएक्स मालिकेच्या कार्डांत लोक आणखी एक पायरी पुढे जात: कार्डाचा बायोस बदलून मेमरीचे कमी वेगासाठी ठरवलेले चपळ टायमिंग वरच्या वेगालाही लावत. प्रत्येक कार्डाची सहनशक्ती निराळी. एकाच खोक्यातल्या, एकाच कंपनीच्या दोन कार्डांपैकी एक २१०० मेगाहर्ट्झला शांत चालणार आणि दुसरं २०५० लाच चुका करायला लागणार. घाई करणारा माणूस सगळ्यांना एकच आकडा लावून मोकळा होई आणि रात्री दोनला रिग अडकलेली सापडे. जाणता माणूस पाच-पाच मेगाहर्ट्झने वर जाई, मायनर मिळून काम करतात त्या पूलवर नाकारल्या जाणाऱ्या उत्तरांची (शेअरची) संख्या तासन्तास बघे आणि मग एक पायरी खाली येऊन थांबे.

आता बांधणीकडे येऊ. साध्या मदरबोर्डावर सहा कार्डं बसायला जागा नसते, म्हणून रायझर. हा एक छोटा बोर्ड असतो. कार्ड त्याच्यावर बसतं आणि मदरबोर्डाच्या छोट्या स्लॉटपर्यंत यूएसबी ३.० ची केबल जाते. ती केबल फक्त नावाला यूएसबीची. तिच्यातून धावतात पीसीआय एक्सप्रेसचे संकेत. कामात डेटाची ये-जा नगण्य असल्यामुळे ही अरुंद वाट पुरते. २०१७ मध्ये एएसरॉकने तेरा स्लॉटचा आणि असूसने तब्बल एकोणीस स्लॉटचा मदरबोर्ड खास या कामासाठी काढला. प्रोसेसर सेलेरॉन चालतो, रॅम ४-८ जीबी. बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ चालू करायला विसरलात तर चारपाच कार्डांपुढे बोर्ड बाकीची ओळखतच नाही. नवशिक्यांचे कितीतरी तास यात गेले.

रायझर स्वस्त, आणि रिग जळण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज ओढायची मुभा असते. रायझरसोबत मिळणारी केबल मात्र पुष्कळदा साटाच्या जोडणीची असते, आणि साटाच्या पिनांची १२ व्होल्टवरची क्षमता आहे ५४ वॅट. खेळासाठी तासभर वापरलेल्या संगणकात हा फरक पचून जाईल. चोवीस तास, महिनोन्महिने एकसारखा प्रवाह चालू ठेवला की पिन तापते, तापली की तिची पकड सैल होते, सैल झाली की रोध वाढतो आणि ती आणखी तापते. शेवटी पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळतं. त्यामुळे जाणकारांचा नियम साधा होता: रायझरला सहा पिनांचीच जोडणी, आणि एका वायरवर दोनापेक्षा जास्त रायझर नाहीत. आणखी एक पथ्य होतं. रिगला दोन एसएमपीएस असतील तर एका कार्डाची आणि त्याच्या रायझरची वीज एकाच सप्लायमधून घ्यायची, वाटून द्यायची नाही.

हाच विचार पुढे भिंतीतल्या पॉइंटपर्यंत न्यावा लागतो. सहा कार्डांची रिग भिंतीतून साधारण ९०० वॅट घेते. २३० व्होल्टवर हे चार अँपिअर होतात. आकडा छोटा दिसतो, पण इस्त्री दहा मिनिटांत बंद होते आणि रिग बंद होत नाही. म्हणून ५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर ती लावणं चूकच. १५-१६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, योग्य जाडीची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि तपासून घेतलेलं अर्थिंग, एवढं वायरमनकडून आधी करून घ्यायचं. चौकट धातूची आणि उघडी असते, अर्थिंग नसेल तर हात लावणाऱ्याला झिणझिण्या येतात. व्होल्टेजच्या बाबतीत आपली स्थिती अमेरिकेतल्या मायनरपेक्षा बरी. मायनिंगची यंत्रं बनवणाऱ्या बिटमेन कंपनीचा एपीडब्ल्यू३ हा प्रसिद्ध सप्लाय आपल्यासारख्या व्होल्टेजवर १६०० वॅट देतो, तर अमेरिकेतल्या ११०-१२० व्होल्टवर फक्त १२००. तिथल्या कित्येकांना एक यंत्र चालवण्यासाठी कपडे वाळवायच्या मशीनचा २४० व्होल्टचा पॉइंट वापरावा लागे.

आणि मग उष्णता. भिंतीतून घेतलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरतो, त्यात गणिताच्या नावाने काहीही वजा होत नाही. ९०० वॅटची रिग म्हणजे ९०० वॅटचा हीटर. सायबेरियातल्या इर्कुत्स्कला हे वरदान वाटलं: थंडी अतोनात, अंगारा नदीवरच्या धरणांची घरगुती वीज रशियात सर्वांत स्वस्तांपैकी. तिथे गॅरेजांत आणि बाल्कन्यांत इतकी यंत्रं चालू झाली की विजेचं जाळं दमलं, आणि एप्रिल २०२५ पासून इर्कुत्स्कच्या दक्षिण भागात मायनिंगवर संपूर्ण बंदी आली. मुंबई-नागपूरकडचा प्रश्न उलटा. बाहेरची हवाच चाळीस अंशांची असेल तर पंखा कार्डाला चाळीसच्या खाली नेऊ शकत नाही. एसी लावावा तर ९०० वॅटची उष्णता बाहेर फेकायला साधारण तीनशे वॅट वरचे लागतात. खरा उपाय हवा खेळती ठेवणं: एका बाजूने खालून हवा आत, दुसऱ्या बाजूने वरून एग्झॉस्ट, आणि बाहेर गेलेली गरम हवा फिरून आत येणार नाही याची काळजी. खोली बंद करून टेबलफॅन लावणारे तीच गरम हवा घुसळत राहत.

निगा म्हणजे रोजची नजर आणि ठरावीक काळाने झाडपूस. आपल्या शहरांतली धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते वाऱ्याने भलत्या वेगात फिरून बेअरिंग खराब होतं. पंखे सर्वांत आधी जातात. आवाज बदलला की समजायचं. मग थर्मल पेस्ट वाळते. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० या कार्डांत खरी अडचण मेमरीची: चिपचं तापमान साठ दाखवत असताना मेमरी ११० अंशांना पोचून आपोआप वेग कमी करी. कार्ड उघडून मेमरीवरचे थर्मल पॅड बदलले की ती पुष्कळ उतरे; पण पॅडची जाडी अर्ध्या मिलिमीटरने चुकली तर हीटसिंक मुख्य चिपला टेकतच नाही आणि दुखणं वाढतं. किनारपट्टीवर पावसाळ्यात दमट, खारी हवा तांब्याच्या संपर्कांवर हिरवट गंज आणते; तिथे कार्ड अधूनमधून काढून कडा पुसणं हा निगेचाच भाग.

बिटकॉइनच्या एसिक यंत्रांची निगा वेगळी विद्या. बिटमेनचं २०१६ चं अँटमायनर एस९ हे त्यातलं सर्वांत टिकाऊ. तीन हॅशबोर्ड, प्रत्येकावर ६३ चिप, सेकंदाला साडेतेरा टेराहॅश, १३०० वॅटच्या वर वीज. हा वेग म्हणजे काय, तर मथळ्यातल्या त्या आकड्याच्या सव्वाचार अब्जांहून अधिक शक्यता एस९ सेकंदाला तीन हजारांहून जास्त वेळा संपवतं. आवाज मात्र घरात सहन होण्यासारखा नाही. हॅशबोर्डवर चिपचे गट विजेच्या दृष्टीने एकामागे एक जोडलेले असतात, आणि संकेतही एका चिपकडून पुढच्या चिपकडे जातो. त्यामुळे एक चिप मेली की पुढची सगळी मुकी. दुरुस्त करणारा मल्टिमीटरने गटागटाचं व्होल्टेज मोजत जातो. ते अर्ध्या व्होल्टहूनही कमी असतं. जिथे संकेत थांबतो तिथली चिप गरम हवेच्या गनने उचलून नवी बसवतो. मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणारा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर हेच हात वापरतो.

कमाईचं गणित आपल्याकडे नेहमीच आखडतं राहिलं. ९०० वॅटची रिग महिन्याला ६५० युनिटच्या आसपास घेते, आणि महाराष्ट्रात घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महागत जात असल्यामुळे यातला वरचा हिस्सा ५०० च्या वरच्या, सर्वांत महाग टप्प्यात जाऊन पडतो. १ एप्रिल २०२२ पासून नाणी विकून झालेल्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर लागला, आणि यंत्रसामग्रीचा खर्च संपादनाची किंमत म्हणून वजा करता येणार नाही हे सरकारने लोकसभेत स्पष्ट केलं. पैशासाठी म्हणून आज घरी मायनिंग सुरू करू पाहणाऱ्याला मी करू नका असंच सांगेन.

इथेरियमची कार्डं अशीही संपणारच होती. डॅगची फाइल सुरुवातीला एक जीबीची होती आणि दर ३०,००० ब्लॉकनंतर ८ एमबीने वाढे. २०२० च्या शेवटाला तिने ४ जीबी ओलांडले आणि ठणठणीत चालणारी ४ जीबीची कार्डं त्या कामातून सुटली. मग १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं. कार्डं जुन्या बाजारात आली. ती घेणाऱ्यांना भीती वाटे की यंत्र पिळून काढलेलं असेल. माझ्या मते कमी व्होल्टेजवर एकाच तापमानाला सतत चाललेलं कार्ड, रोज तापून-गार होणाऱ्या कार्डापेक्षा वाईट असेलच असं नाही. मूळ बायोस परत घातलाय का, पंखे कुरकुरतात का, पेस्ट आणि पॅड कधी बदलले, हे विचारावं. उत्तर देणारा माणूस निगा राखणारा होता की नाही ते लगेच कळतं.

घरची परंपरा आता एका तळहाताएवढ्या बोर्डावर आली आहे. बिटॲक्स हे त्याचं नाव. त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे. ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर, एक एसिक चिप, एक छोटा पंखा, ५ व्होल्टचा ॲडाप्टर. गॅमा हे त्याचं रूप १५-२० वॅटमध्ये साधारण १.२ टेराहॅश देतं, म्हणजे एका एस९ च्या अकराव्या हिश्शाइतकं काम सत्तराव्या हिश्शाच्या विजेत. एकट्याने ब्लॉक सापडण्याची आशा मात्र फार दूरची: २०२४ च्या मध्याला बिटकॉइनच्या जाळ्याचा वेग ६०० एक्साहॅशच्या आसपास होता, त्या हिशेबाने सरासरी साडेनऊ हजार वर्षांत एकदा. ज्यांना एकट्यानेच प्रयत्न करायचा असतो ते पुष्कळदा सोलो सीकेपूलला जोडतात. तो चालवणारा कॉन कोलिवास हा ऑस्ट्रेलियातला भूलतज्ज्ञ. सीजीमायनर हे एकेकाळचं घराघरातलं मायनिंग सॉफ्टवेअरही त्याचंच. बिटमेन आपल्या चिप सुट्या विकत नाही. त्यामुळे बिटॲक्स बांधणाऱ्यांनी सुरुवातीला जुन्या अँटमायनरचे मोडीतले हॅशबोर्ड घेतले, खालून तापवून एकेक चिप उचलली, तिच्या पायांवरचं जुनं कथील साफ केलं आणि तीच नव्या बोर्डावर बसवली.