परदेशी जाताना फोनचं नेट: घरून निघतानाच ठरवा

मी एडवणहून बोलतेय. आजचा विषय आहे परदेशात फिरायला गेल्यावर फोनवर नेट कसं मिळवायचं. 'आपण कुठे चाललोय परदेशी?' असं म्हणू नका. काशी-अयोध्येला गेलेल्या बायका आता नेपाळही करून येतात. कुणाची लेक दुबईला असते, कुणाचा मुलगा मस्कतला. आज ना उद्या आपल्यावरही वेळ येते.

आमच्यावर आली ती काठमांडूत. आम्ही चौघी यात्रेच्या बसने सोनौलीच्या नाक्यावरून नेपाळात शिरलो. नाका ओलांडला आणि थोड्याच वेळात सगळ्यांच्या फोनची रेंज गेली. आम्हाला वाटलं, डोंगराळ भाग आहे, येईल पुढे. पशुपतिनाथाच्या गर्दीत माझी धाकटी जाऊ मागे राहिली. तिच्या हातात फोन होता, त्यात पैसे होते, चार्जिंग पूर्ण होतं. एका फुलवालीने बिचारीने स्वतःचा फोनही दिला. पण लावणार कुणाला? आमचेही फोन मुकेच होते. हॉटेलचं नाव तिला आठवेना. शेवटी जिथे चपला काढल्या होत्या तिथेच ती बसून राहिली, म्हणून दोन तासांनी सापडली. तोवर आमच्या जिवाचं पाणी झालं होतं.

चूक आमचीच होती. फोन चालू आहे म्हणजे तो सगळीकडे चालेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

आता हे असं का होतं ते समजून घेऊ. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे. पण एसटीने गुजरातेत जायचं असेल तर ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच मिळते, पुढचं भाडं पूर्ण पडतं. फोनच्या रिचार्जचं तसंच आहे, फक्त त्याची हद्द देशाची आहे. वापी-सुरतला गेलात, काशीला गेलात, काही फरक पडत नाही. देशाची हद्द ओलांडली की आपला रोजचा दीड जीबी, दोन जीबी तिथे लागू नाही. तिथले टॉवर दुसऱ्या कंपनीचे. ते वापरायचे तर आपल्या कंपनीमार्फत वेगळे पैसे मोजावे लागतात. यालाच रोमिंग म्हणतात.

एक गोष्ट मनात पक्की करा. आपला नंबर वेगळा आणि नेट वेगळं. नंबर आपलाच ठेवायचा, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. नेट मात्र दुसरीकडून घेता येतं. ते घ्यायचे चार मार्ग आहेत.

पहिला, आपल्याच सिमवर परदेशी रोमिंगचा पॅक. दुकानातून किंवा कंपनीच्या अॅपवरून निघायच्या आधीच घ्यावा. सिम बदलायची कटकट नाही, म्हणून चार-पाच दिवसांच्या सहलीला हा सोयीचा. घेताना चार प्रश्न विचारा. आपण जाणार तो देश या पॅकमध्ये आहे का? विमान वाटेत दुसऱ्या देशात थांबणार असेल तर तिथे चालेल का? मुदत कधीपासून मोजणार, पैसे भरल्यापासून की तिथे पोहोचल्यापासून? आणि नेट संपल्यावर काय, नुसतं बंद होणार की जादा पैसे कापणार?

दुसरा मार्ग, तिथलं सिम. नेपाळात नेपाळ टेलिकॉम आणि एनसेल या दोन मोठ्या कंपन्या आहेत. मुक्काम लांबला तर हे बहुधा स्वस्त पडतं. सिम घेताना ओळखपत्र मागतात. पासपोर्टची प्रत आणि दोन फोटो जवळ ठेवा. आपल्याला नेपाळात मतदार ओळखपत्रावरही जाता येतं, पण त्यावर सिम मिळेल का ते यात्रावाल्याला आधीच विचारून घ्या. फोनमध्ये दोन सिमची जागा असेल तर आपलं सिम काढू नका. मोबाइल डेटा नव्या सिमवर लावा. एकच जागा असेल तर आपलं सिम टिकलीच्या पाकिटात घालून पासपोर्टबरोबर ठेवा. नखाएवढी वस्तू, हरवली की बँकेचा दरवाजाच बंद.

नवं सिम घातल्यावर व्हॉट्सअॅप 'नंबर बदलायचा का?' असं विचारू शकतं. नको म्हणा. जुन्याच नंबरावर व्हॉट्सअॅप चालू राहतं, फक्त नेट नव्या सिमचं वापरतं.

तिसरा मार्ग ई-सिम. यात हातात कार्ड मिळत नाही. चौकोनी क्यूआर कोड स्कॅन केला की सिम फोनमध्येच बसतं. सगळ्या फोनना हे जमत नाही. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबा. आलेल्या आकड्यांत ईआयडी दिसला तर तुमचा फोन ई-सिम घेतो.

चौथा, हॉटेलचं किंवा विमानतळाचं वायफाय. फुकट असतं, पण रस्त्यात साथ देत नाही. काही ठिकाणी ते सुरू करायलाही एसएमएसवर कोड येतो. अशा वायफायवर बँकेचे व्यवहार करू नका.

गटाने जाणार असाल तर चौघींनी चार पॅक घ्यायला हवेत असं नाही. दोघींनी घ्यावेत, बाकीच्यांनी त्यांच्या हॉटस्पॉटवर नेट वापरावं. दोघींनी अशासाठी, की एक चुकली तरी दुसरीला फोन लागतो. पण पॅक घेतलेल्या दोघी एकाच वेळी पुढे निघून गेल्या तर काही उपयोग नाही. एक पुढे, एक मागे.

आता पैशाची गोष्ट. फोन पर्समध्ये असला तरी गप्प बसत नाही. फोटो वर चढवतो, अॅप नवी करतो, भजनी मंडळाच्या ग्रुपवरचे व्हिडिओ उतरवतो. पॅक नसताना रोमिंगवर हे चाललं तर पैसे भराभर जातात. म्हणून सेटिंगमध्ये सिमच्या पानावर 'डेटा रोमिंग' बंद ठेवा. रोमिंगचा पॅक घेतला असेल तरच चालू करा. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' असं पान आहे. तिथे रोमिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा. विमानात आणि जहाजावर फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, तिथले दर वेगळे आणि भारी असतात.

डेटा रोमिंग बंद केलं म्हणून एसएमएस बंद होत नाही. पण ओटीपी यायचा तर सिमवर परदेशी रोमिंगची सेवा सुरू असावी लागते. ती आहे का, येणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. आपल्या नंबरावर आलेला साधा फोन उचलला तर मात्र सहसा पैसे पडतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, व्हॉट्सअॅपवरच बोला.

तेही सगळीकडे चालत नाही बरं. दुबईत व्हॉट्सअॅपवर लिहिलेला निरोप जातो, बोललेला निरोप जातो, पण तिथल्या नेटवर व्हॉट्सअॅप कॉल लागत नाही. तिथे परवानगी असलेली वेगळी अॅप आहेत, लेकीला विचारून घ्या. चीनमध्ये तर व्हॉट्सअॅपच बंद आहे. हे ठाऊक नसलं की घरचे घाबरतात, 'आई फोन का उचलत नाही?'

आणि सगळं करून शेवटी एक कागद. त्यावर हॉटेलचं नाव-पत्ता, बरोबरच्या दोघींचे नंबर, घरचा नंबर. प्रत्येक नंबराआधी देशाचा आकडा लिहा. आपला अधिक ९१, नेपाळचा अधिक ९७७, दुबईचा अधिक ९७१. हा आकडा नसेल तर परक्याच्या फोनवरून आपला नंबर लागत नाही. कागद पर्समध्ये नको, अंगावर ठेवा. आणि चुकलो तर कुठे थांबायचं ती जागा दर देवळाबाहेर आधीच ठरवा.

पुढच्या बैठकीला सगळ्याजणी फोन घेऊन या. डेटा रोमिंगचं बटण कुठे आहे ते प्रत्येकीने स्वतः शोधायचं, मुलाच्या हातात फोन द्यायचा नाही. माझी जाऊ पुन्हा यात्रेला निघाली आहे. या वेळी पॅक तिच्याच फोनवर आहे, आणि आम्हाला ती सांगते, 'माझ्या मागे मागे राहा.'